झोंबी मालिकांत पात्रं घडतात कशी, आणि बिघडतात कुठे?

अबोली

(स्पॉयलरचा इशारा: 'द वॉकिंग डेड', 'किंग्डम', 'इन द फ्लेश', 'द लास्ट ऑफ अस' या मालिकांतल्या मोठ्या घटना इथे उघडपणे येणार आहेत. पाहायच्या बाकी असतील तर आधी त्या पाहा, मग इकडे या.)

झोंबी मालिकांवरची चर्चा फिरून फिरून 'कोण मेलं' यावरच येऊन थांबते. कुठल्या भागात, कसं, कॉमिकमध्ये तसंच होतं का, वगैरे. मला या मालिका मनापासून आवडतात, म्हणूनच हे खटकतं. माणसं तर या कथांमध्ये दर भागात मरतात. त्यातली दोन-चारच आपल्यासोबत राहतात, ती का राहतात हे मला शोधायचंय. माझं उत्तर असं, की मागे उरलेल्याला जे करावं लागलं, ते कथा किती काळ लक्षात ठेवते यावर सगळं ठरतं.

'द वॉकिंग डेड'मधल्या कॅरलचं उदाहरण घेते. पहिल्या सीझनमध्ये (२०१०) ती नवऱ्याचा मार खाणारी, मान खाली घालून कपडे धुणारी बाई आहे. दुसऱ्या सीझनमध्ये मुलगी सोफिया हरवते आणि अनेक भाग शोधल्यावर शेतकरी हर्शेलच्या कोठारातून झोंबी होऊन बाहेर येते. इथपर्यंत कॅरलवर फक्त गोष्टी कोसळतात. चौथ्या सीझनपासून मात्र ती स्वतः निर्णय घेते. आसरा घेतलेल्या तुरुंगात साथ पसरू नये म्हणून कॅरन आणि डेव्हिडला मारून जाळते. पुढे 'द ग्रोव्ह' या भागात लिझीला गोळी घालते. लिझीने धाकट्या बहिणीला मारलेलं असतं, मिका परत उठेल आणि तशीच असेल या खात्रीने. तो भाग पाहिलेल्या कुणाला लिझीला फुलांकडे बघायला सांगणारा कॅरलचा तो आवाज विसरता येणार नाही.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची साखळी. अलेक्झांड्रिया या भिंतीआडच्या गावात कॅरल साधी गृहिणी असल्याचं सोंग घेते. छोटा सॅम तिला शस्त्रं चोरताना पाहतो, तेव्हा ती त्याला शांतपणे सांगते की तोंड उघडलंस तर एक दिवस भिंतीबाहेर झाडाला बांधलेला जागा होशील. पाचव्या सीझनमध्ये हा प्रसंग अंगावर काटा आणतो, पण तिथेच संपल्यासारखा वाटतो. सहाव्या सीझनच्या मध्यावर झोंबींच्या गर्दीतून हात धरून चालताना सॅमला नेमके तेच शब्द आठवतात आणि तो जागीच थिजतो. तो जातो, त्याची आई जाते, भाऊ जातो, नायक रिकच्या मुलाचा, कार्लचा, डोळा जातो. त्यानंतर काही भागांतच कॅरल आपण मारलेल्या माणसांची वहीत नोंद करताना दिसते, आणि सीझन संपता संपता गाव सोडून निघून जाते. आता कुणालाच मारायचं नाही म्हणून.

एक वाक्य, आणि त्याचा हिशेब एवढ्या लांबवर चुकता केलेला. मालिकेने स्वतःची स्मरणशक्ती शाबूत ठेवली की पात्र आपोआप खोल होत जातं.

याच्या उलट टोकाला ग्लेनचं कचराकुंडीचं प्रकरण. त्याच सहाव्या सीझनमध्ये तो गर्दीत पडतो, आतडी बाहेर येताना दिसतात, पुढे सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून अभिनेत्याचं नावसुद्धा काढून टाकतात, आणि काही भागांनी कळतं की तो कुंडीखाली सरकून वाचलाय. या सगळ्यातून ग्लेनमध्ये काय बदललं? काहीच नाही. फसवणूक प्रेक्षकाची झाली, पात्राच्या वाट्याला काही आलं नाही.

तुमचं काय मत? फक्त वॉकिंग डेडवर थांबू नका.

रानवाट

अबोली, फार छान मांडलंय. मालिका ज्यावरून आली ते कॉमिक वाचलेला असल्याने यात एक भर घालतो.

कॉमिकमधली कॅरल तुरुंगाच्या टप्प्यातच मरते. खचलेली, एकटी पडलेली बाई, साखळीने बांधलेल्या झोंबीच्या तोंडी स्वतःहून जाते. आणि सोफिया? ती शेवटपर्यंत जगते, मोठी होते, कार्लशी लग्न करते. मालिकेने बरोबर उलटं केलं. मुलीला नेलं आणि आईला ठेवलं. ही अदलाबदल मालिकेच्या इतिहासातली सर्वात फलदायी निवड होती असं माझं ठाम मत आहे. मेलिसा मॅकब्राइडच्या अभिनयाचा त्यात मोठा वाटा आहेच.

पण हीच युक्ती कार्लच्या बाबतीत केली आणि घात झाला. कॉमिक २००३ साली सुरू झालं आणि २०१९ मध्ये १९३व्या अंकावर कुठलीही पूर्वसूचना न देता संपलं. त्या शेवटच्या अंकात कार्ल मोठा झालाय, त्याला मुलगी आहे, आणि झोंबी म्हणजे काय हे नव्या पिढीला नीट ठाऊकही नाही. तो अंक मिटल्यावर मागचं सगळं वेगळं दिसायला लागतं. रिक मुलासाठी जे जग उभं करत होता, ते खरंच उभं राहिलेलं आपण पाहतो. मालिकेने २०१८ मध्ये, आठव्या सीझनमध्ये, कार्लला मारलं. म्हणजे जिच्या दिशेने सगळी कथा चालली होती ती व्यक्तीच काढून घेतली. खलनायक नेगनला जिवंत ठेवण्यासाठी रिकला कारण हवं होतं, ते कार्लच्या पत्रांतून मिळालं, हे खरं. पण कॉमिकमध्ये तोच निर्णय रिक मुलगा जिवंत असताना घेतो, आणि तिथे तो जास्त पटतो, कारण तो निर्णय त्याच्या स्वतःच्या आतून येतो.

तिसरीघंटा

मी थोडा विरोधी सूर लावतो. सातव्या सीझनच्या पहिल्या भागाला (ऑक्टोबर २०१६) सगळे क्रूर म्हणून झोडपतात. मला तो भाग क्रूर असण्याबद्दल तक्रार नाही. नेगन रिकला गाडीत घालून नेतो, कुऱ्हाड आणायला धुक्यात पाठवतो, परत आणून मुलाचा हात तोडायला सांगतो. एका माणसाची इच्छाशक्ती पूर्ण मोडेपर्यंत कॅमेरा हलत नाही. अँड्र्यू लिंकनचं काम तिथे विलक्षण आहे. सहा सीझन ज्या माणसाकडे नेहमी काहीतरी तोडगा असायचा, त्याच्याकडे पहिल्यांदाच काही नाही. व्यक्तिरेखेच्या दृष्टीने हा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे.

चूक झाली ती त्याआधी. एप्रिलमध्ये सहावा सीझन संपवताना नेगनची बॅट कुणाच्या डोक्यावर पडली ते दाखवलं नाही. मार खाणाऱ्याच्या डोळ्यांतून दृश्य दाखवून पडदा काळा केला. सहा महिने प्रेक्षक 'कोण?' हेच विचारत बसला. मग ऑक्टोबरमध्ये उत्तर मिळालं (एब्राहम आणि ग्लेन) तेव्हा दुःखाच्या आधी कोडं सुटल्याची भावना आली, आणि एब्राहमचं मरण तर अंदाज बरोबर-चूक ठरवण्यातच वाहून गेलं. त्या भागाला अमेरिकेत सुमारे १.७ कोटी प्रेक्षक होते, पुढच्याच आठवड्यात ते सव्वा कोटीवर आले. लोक हिंसेला कंटाळून गेले असं म्हणतात. मला वाटतं, उत्तर मिळालं आणि लोक उठले. त्यांना थांबवून ठेवणारा प्रश्नच तेवढा होता.

आता याच मालिकेतला नवव्या सीझनमधला 'द काम बिफोर' आठवा. शत्रू टोळीची प्रमुख अल्फा दहा जणांची डोकी खांबांवर लावते. इथेही संख्या मोठी, इथेही धक्का. पण मालिकेची सूत्रं अँजेला कँगकडे असतानाच्या या भागाने मारण्याचं दृश्य बाजूला ठेवलं. आधी जत्रेतली माणसं हसता-बोलताना दिसतात, मग एकेक खांब, आणि मग जिवंत सोडलेला सिद्दिक सगळ्या लोकांसमोर उभा राहून सांगतो की ते कसे लढले, एकमेकांना वाचवायला कसे पुढे झाले. त्याला जिवंत सोडलं होतं भीतीची गोष्ट सांगण्यासाठी, आणि त्याने सांगितली धैर्याची. आणि पुढे दहाव्या सीझनमध्ये त्या दिवसाचं ओझं त्याला झोपू देत नाही. तुमच्या 'स्मरणशक्ती'चं याहून चांगलं उदाहरण कॅरलच्या बाहेर मला सापडत नाही.

अबोली

तिसरीघंटा, सिद्दिकचा मुद्दा फार आवडला. आणि त्याच खांबांवर हेन्रीही आहे, म्हणजे कॅरलने पुन्हा एक मूल गमावलं. दहावा सीझन तिच्या सूडाचा होतो, नेगनला गुपचूप सोडून अल्फाला मारण्यापर्यंत. दुसऱ्या सीझनमध्ये कोठारासमोर कोसळलेली हीच बाई, हे मालिका एकदाही शब्दात न सांगता जाणवत राहतं.

सातव्या सीझनच्या सुरुवातीबद्दल मात्र तुमच्याइतकी उदार होणार नाही. रिक मोडतो हे दाखवायला ग्लेनच्या डोळ्याचा तो शॉट एवढा वेळ धरायची गरज नव्हती. रिकच्या चेहऱ्यावरच सगळं होतं.

मंद्रसप्तक

तुम्ही सगळे जिवंत माणसांबद्दल बोलताय. मी झोंबीबद्दल बोलते.

बीबीसी थ्रीची 'इन द फ्लेश' कुणी पाहिलीय का? २०१३ साली तीन भागांचा पहिला सीझन, २०१४ मध्ये सहा भागांचा दुसरा, आणि मग बंद. एकूण नऊ भाग. डॉमिनिक मिचेल हा लेखक. कल्पना अशी, की झोंबींचा उद्रेक होऊन गेलाय, औषध सापडलंय, आणि बरे झालेले झोंबी घरी परत पाठवले जातायत. सरकारने त्यांना नाव दिलंय 'अंशतः मृत'. कातडीचा रंग लपवायला मेकअप, डोळ्यांत रंगीत भिंगं, रोज मानेत औषधाचं इंजेक्शन.

किरन वॉकर हा विशीच्या आतला मुलगा आपल्या गावी, रोर्टनला, परततो. त्याने उद्रेकाच्या आधी आत्महत्या केली होती, कारण त्याचा जिवलग रिक (वॉकिंग डेडमधला नव्हे) अफगाणिस्तानात मारला गेला. म्हणजे आईबापांनी ज्याला स्वतः पुरलं तो पोरगा पुन्हा जेवणाच्या टेबलावर बसलाय. त्याला जेवता येत नाही, तरी सगळ्यांसमोर जेवल्याचं नाटक करतो. आणि त्याला आठवत राहतं की झोंबी असताना त्याने ज्या मुलीला मारलं ती त्याच्याच बहिणीची, जेमची, सोबतीण होती. जेम तिथे बंदूक घेऊन उभी होती आणि तिला गोळी घालता आली नाही, कारण समोर भाऊ होता. गावात ती झोंबींशी लढलेली वीर म्हणून मिरवली जाते, आणि हे एक सत्य ती पोटात ठेवून जगते.

बरे झालेल्यांना उपचार केंद्रात एक वाक्य घोकायला लावतात: उपचाराआधी मी जे केलं तो माझा दोष नाही. किरन ते म्हणतो, पण त्याला ते कधीच पटत नाही. इथे मला वाटतं सगळ्या झोंबीकथांचा गाभा हाताला लागतो. बाकीच्या मालिकांत झोंबीला मारणं सोपं असतं, कारण त्याच्यात आता 'तो' उरलेला नाही असं गृहीत धरलेलं असतं. इथे तो परत आलाय आणि विचारतोय की मी केलेल्या गोष्टींचं काय करू. रिकच्या बापाची गोष्ट तर मी दुसऱ्यांदा पाहू शकले नाही. तो मेलेला मुलगा परत आल्यावर वर्षानुवर्षं जपलेला झोंबींचा द्वेष सोडू शकत नाही, आणि मुलगा मेकअप पुसून खरा चेहरा घेऊन समोर येतो तेव्हा त्याला मारून टाकतो. खरा मुलगा यानंतर परत येईल, अशी त्याची समजूत.

बाफ्टा पुरस्कार मिळूनही मालिका बंद झाली याचं आजही वाईट वाटतं.

पाऊलखुणा

मंद्रसप्तक, लगेच यादीत टाकली.

माझी बाजू 'किंग्डम'ची. दोन सीझन, सहा-सहा भाग, २०१९ आणि २०२०. लेखिका किम उन-ही. जोसन काळातलं कोरिया, राजा मेलाय पण राजवैद्याकरवी एका वनस्पतीने त्याला 'उठवून' ठेवलंय. तरुण राणीला मूल होईपर्यंत गादी रिकामी पडता कामा नये, म्हणून तिच्या बापाने, म्हणजे प्रधान चो हाक-जूने हे केलंय. नुसत्या या मांडणीतच किती पात्रं घडली बघा. झोंबी हा इथे कुणाच्या तरी महत्त्वाकांक्षेचा थेट परिणाम आहे.

आणि साथ पसरते कशी? राजा एका मुलाला चावतो, तो मरतो. त्याचं प्रेत दूरच्या दवाखान्यात येतं, जिथे रुग्ण उपाशी आहेत. योंग-शिन नावाचा माणूस त्यांना मांसाचं सूप देतो, हरणाचं आहे असं सांगून. ते त्या मुलाचं असतं. तिथून रोग बदलतो आणि चाव्याने पसरायला लागतो. भुकेल्या माणसांची कणव येऊन केलेल्या कृत्यातून अख्खा देश पेटतो. योंग-शिनला खलनायक म्हणता येत नाही आणि निर्दोषही म्हणता येत नाही. एवढं गुंतागुंतीचं पात्र त्यांनी दोन-तीन प्रसंगांत उभं केलं.

युवराज ली चांगचा प्रवासही पाहा. सुरुवातीला तो जीव आणि गादी वाचवायला पळतोय. वाटेत त्याला कळतं की अधिकारी लोकांना टाकून होडीतून पळाले, मोठ्या घरच्यांची प्रेतं जाळायची नाहीत म्हणून हजारो बळी गेले. शेवटी, जिंकल्यावर, तो गादी एका तान्ह्या बाळाला सोडून निघून जातो, आणि ते बाळ राजवंशाचंही नाही, त्याच्या अंगरक्षकाचं आहे. बारा भागांत प्रवास पूर्ण. कुठेही ताणलेलं नाही.

माझा खरा प्रश्न इथे आहे. वॉकिंग डेडचे अकरा सीझन, १७७ भाग. कॅरल तिथे घडली हे मान्य, पण त्याच लांबीने बाकीच्या किती जणांचा चुराडा केला?

धुकं

लांबीपेक्षा मला बोलणं नडतं. या मालिकांत आग पेटवून बसायचं आणि आधीच्या आयुष्याबद्दल भाषण द्यायचं, मग त्याच भागात मरायचं, हे इतक्यांदा झालंय की कुणी आपल्या आईची आठवण सांगायला लागला की कळतं.

'ब्लॅक समर' बघा. २०१९. जवळजवळ संवाद नाहीत, कुणाची पूर्वकथा नाही. लान्स नावाचा एक साधा माणूस जवळपास एक पूर्ण भाग एकाच झोंबीपासून पळत असतो. धाप लागते, लपतो, चुकतो, पुन्हा पळतो. त्या भागानंतर त्याचा भूतकाळ ठाऊक नसताना तो मला नीट ओळखीचा झाला. घाबरल्यावर माणूस आधी काय करतो, हेच त्याचं चरित्र.

अबोली

धुकं, लान्सचा भाग जबरदस्त आहे, पण तो एका भागापुरता टिकतो. दुसऱ्या सीझनमध्ये रोज नावाची आई आणि तिची मुलगी यांच्याकडे कथा वळते तेव्हा मालिकेलाही जुन्या कृत्यांची आठवण ठेवावी लागतेच. आई मुलीसाठी किती क्रूर होते आणि मुलगी ते बघून काय शिकते, हाच तिथला धागा आहे.

पाऊलखुणा, लांबीबद्दल: दुसऱ्या सीझनला शेतावरचा संथ सीझन म्हणून नावं ठेवतात. मला तो संथपणा आवश्यक वाटतो. सोफिया एका भागात हरवून पुढच्या भागात सापडली असती तर कोठाराचं दार उघडताना काहीच वाटलं नसतं. आपण तिला शोधत थकलो होतो, काहींना तर तिचा कंटाळा आला होता, आणि मग ती समोर आली. तो कंटाळासुद्धा मनाला लागला. लांबी कथेच्या उपयोगी पडली तर मला चालते. सातव्या-आठव्या सीझनमध्ये एकेक वस्ती दाखवायला एकेक भाग खर्ची घातला, तिथे मात्र नुसता वेळ काढला.

तिसरीघंटा

नियमांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. झोंबीचे नियम हे पात्रघडणीचं सर्वात मोठं हत्यार आहे आणि लेखक ते बरेचदा नुसतं भीतीसाठी वापरतात.

वॉकिंग डेडचा नियम: चावा असो-नसो, जो मरेल तो उठणार. याचा अर्थ म्हातारपणाने गेलेल्या आजोबांपाशीही कुणीतरी सुरी घेऊन बसलं पाहिजे. पहिल्याच सीझनमध्ये अँड्रिया बहिणीच्या प्रेताजवळ रात्रभर बसून राहते, कुणाला हात लावू देत नाही. एमी डोळे उघडते, अँड्रिया तिची माफी मागते, मग गोळी घालते. तेव्हा हा नियम आपल्याला ठाऊकही नसतो, पण दुःख आणि कर्तव्य एकाच माणसाच्या हातात देणं ही या नियमाची खरी ताकद आहे.

किंग्डममध्ये पहिल्या सीझनच्या शेवटच्या क्षणी कळतं की झोंबी उजेडाला घाबरत नव्हते, उष्णतेला घाबरत होते. थंडी आली, आता दिवसाही येणार. एका नियमाने सगळ्यांचे बेत कोसळले. पण हेही बघा की तो नियम शोधते वैद्य सो-बी, निरीक्षणाने. तिचं पात्रच त्या नियमाच्या शोधातून घडतं.

रानवाट

नियमांवरून 'ऑल ऑफ अस आर डेड' आठवली. शाळेत विषाणू येतो कुठून? विज्ञानाच्या शिक्षकाने स्वतःच्या मुलाचा छळ थांबावा, त्याच्या भीतीचं रूपांतर रागात व्हावं म्हणून तो बनवलेला असतो. छळाकडे शाळेने डोळेझाक केली आणि त्यातून हे उद्भवलं. मूळ कारण पात्राच्या दुःखात ठेवलं की पुढचं सगळं वजनदार होतं. मात्र बारा भागांत मधले काही भाग खोलीतून खोलीत पळण्यातच गेले, हेही खरं.

आता नेगन. त्याच्या सुधारण्यावर कुणीच कसं बोललं नाही? दहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात त्याची आणि ल्युसिलची गोष्ट येते. आजारी बायको, केमोची औषधं मिळवायला निघालेला नवरा, उशिरा पोचलेला. भाग म्हणून सुंदर आहे. पण ज्याने ग्लेनला मारलं त्याच्याबद्दल एवढी सहानुभूती मागायची?

मंद्रसप्तक

मला वाटतं सहानुभूती मागणं आणि माफी मागणं यात मालिकेने फरक ठेवला, आणि तो चांगला ठेवला. ग्लेनची बायको मॅगी शेवटच्या भागात नेगनला स्पष्ट सांगते की तिला क्षमा जमत नाही. त्याने मदत केली, जीव धोक्यात घातला, तरी त्याच्याकडे पाहिलं की तिला ती बॅटच दिसते. आपल्याला नेगन कळलाय म्हणून मॅगीने त्याला माफ केलंच पाहिजे असा दबाव कथेने तिच्यावर टाकला नाही. एवढ्या लांब मालिकेच्या शेवटी सगळ्यांचे हात जुळवून देण्याचा मोह किती असेल! तो टाळला याचं मला मनापासून कौतुक आहे.

रानवाट

हा मुद्दा पटण्यासारखा आहे. मग वॉकिंग डेडच्या जोडमालिकेचं, 'फिअर द वॉकिंग डेड'चं काय म्हणाल? २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा एका विस्कटलेल्या कुटुंबाची गोष्ट होती. व्यसनी निक, कठोर होत जाणारी त्याची आई मॅडिसन. निकला तर जग कोसळल्यावर उलट जगणं सोपं वाटायला लागतं, कारण तो आधीपासूनच दिवस कसाबसा ढकलत जगत होता. किती नवा विचार होता हा. चौथ्या सीझनला लेखनाची सूत्रं नव्या हातांत गेली, निक मारला गेला, मॅडिसन मेली असं दाखवलं, मॉर्गन वॉकिंग डेडमधून येऊन मध्यभागी बसला. आणि २०२२ मध्ये मॅडिसन जिवंत परत! अलिशियाने आईच्या मरणावर उभं केलेलं सगळं आयुष्य त्याने पोकळ झालं. मॉर्गन मला अतिशय प्रिय आहे, 'हिअर्स नॉट हिअर' हा त्याचा भाग मी कितीही वेळा पाहीन. पण दुसऱ्यांच्या घरात त्याला आणून बसवल्याने दोन्ही बाजूंचं नुकसान झालं.

पाऊलखुणा

'द लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या भागाबद्दल तुम्हा सगळ्यांचं मत हवंय. बिल आणि फ्रँक. मूळ व्हिडिओ गेममध्ये बिल कडवट, एकटा माणूस आहे आणि फ्रँक फक्त प्रेत म्हणून भेटतो. मालिकेने त्यांना सोळा वर्षांचा संसार दिला. भाग फारच सुंदर, बिल झालेल्या निक ऑफरमनला एमी पुरस्कार मिळाला तेही योग्यच. पण जोएल आणि तो सोबत घेऊन निघालेली पोरगी एली, यांची मुख्य कथा तासभर थांबली, हेही खरं ना?

तिसरीघंटा

थांबली असं मला वाटत नाही. शेवटी बिलचं पत्र एली वाचते. त्यात बिल जोएलला सांगतो की तुझ्यामाझ्यासारखी माणसं कुणाचं तरी रक्षण करायलाच असतात. जोएलने नुकतंच आपली जोडीदार टेसला गमावलंय, ते पत्र त्याला तिथेच गाठतं. पुढे नवव्या भागात हॉस्पिटलमध्ये, इलाज बनवताना जिचा जीव जाणार होता त्या एलीसाठी तो सगळ्यांना मारत सुटतो, तेव्हा त्याच विचाराचं भयानक टोक दिसतं. बिलने प्रेमासाठी कुंपण घातलं, जोएलने प्रेमासाठी सगळ्या जगाचा इलाज नाकारला. तिसरा भाग काढला तर नववा भाग अर्धा राहील.

धुकं

आणि वर एलीला खोटं सांगितलं.

अबोली

हो, त्या खोट्यावरच दुसरा सीझन (२०२५) उभा आहे, आणि तिथली एक निवड मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही, म्हणून इथे मांडते.

जोएल दुसऱ्याच भागात मारला जातो. मग सहाव्या भागात कथा मागे जाते, एलीच्या वाढदिवसांमधून. शेवटी ओसरीवरचा तो प्रसंग येतो. एली विचारते, जोएल खरं सांगतो. ती म्हणते की मला तुला माफ करता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करायची इच्छा आहे. आपल्याला ठाऊक आहे की त्या प्रयत्नाला वेळ मिळालाच नाही.

गेममध्ये हाच प्रसंग अगदी शेवटी आहे, एलीचा सगळा सूड होऊन गेल्यावर. म्हणजे खेळणारा आधी तिचं क्रौर्य पाहतो, तिच्यापासून दुरावतो, आणि मग कळतं की ती कशासाठी झगडत होती. मालिकेने तो प्रसंग आधी आणला.

पाऊलखुणा

मला मालिकेची जागा योग्य वाटली. गेममध्ये तुम्ही स्वतः एली असता, तिच्या हातांनी मारता, म्हणून तुम्ही तिच्यापासून तुटत नाही. मालिकेत प्रेक्षक बाहेर बसलेला असतो. तिला माफी द्यायची होती हे न सांगता सिअॅटलमधला तिचा सगळा सूड दाखवत राहिले असते, तर पुष्कळांनी तिला सोडून दिलं असतं.

मंद्रसप्तक

पण मग त्याची किंमतही आहे. सहाव्या भागानंतर एली जे करते ते आपण दुःखाच्या खात्यात टाकतो. सातव्या भागात जोएलला मारणाऱ्या अ‍ॅबीची सोबतीण मेल मरते, तिच्या पोटात मूल असतं, आणि मरतामरता ती एलीला ते वाचवायला सांगते. एली थिजून बसते. गेमचा क्रम असता तर त्या क्षणी मी एलीकडे भीतीने पाहिलं असतं. इथे मला तिची दया आली. मेलची यायला हवी होती.

अबोली

मंद्रसप्तक, नेमकं हेच मला सोडवता येत नव्हतं. आणि म्हणून तिसऱ्या सीझनबद्दल एकच अपेक्षा आहे. कथा आता अ‍ॅबीच्या बाजूला जाईल तेव्हा मेल त्या भागांत नीट जगताना दिसावी. तिचं काम, तिचं चिडणं, जोडीदार ओवेनशी होणारी भांडणं, सगळं. सॅमला जसं कॅरलचं वाक्य आठवलं, तसं आपल्याला मेलचं शेवटचं बोलणं आठवायला हवं, आणि तेव्हा ती आपल्या ओळखीची असायला हवी.

धुकं

+१. आणि ओवेनलाही भाषण न देता.